कर्ज कुठल्या राज्यात मेलं

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डेल्फिया फ्लीनरने रस्ता ओलांडणं सोडलं.

ब्रिस्टलमध्ये रस्ता म्हटला की स्टेट स्ट्रीट. त्याच्या मधोमध पितळी पट्ट्या ठोकलेल्या आहेत. त्यांच्या अलीकडे व्हर्जिनिया, पलीकडे टेनेसी. डेल्फियाचं शिवणकामाचं दुकान आणि त्याच्यावरचं राहतं घर व्हर्जिनियात. चर्च, दातांचा डॉक्टर, थोरला भाऊ होबार्ट आणि मक्याचा ब्रेड धड मिळणारं एकमेव हॉटेल टेनेसीत. सहासष्ट वर्षं ती त्या पट्ट्यांवरून दिवसातून चारदा ये-जा करत आली होती, आणि आपण राज्य बदललं हे तिच्या ध्यानात फक्त दुकानदाराने कर लावला की यायचं.

सगळं सुरू झालं एका फोनने. ती एका नवरीच्या झग्याला टाचण्या लावत होती, तोंडात सहा टाचण्या, आणि फोनवर एक माणूस बोलत होता. नाव मिस्टर ट्रेंट. आवाज असा की मधाच्या बरणीत बुडवून काढलेला.

"मॅडम, कशा आहात? हवा काय म्हणते तुमच्याकडे?"

डेल्फियाने टाचण्या काढल्या आणि हवेबद्दल सांगितलं. मग ट्रेंटसाहेबांनी तितक्याच गोडीने सांगितलं, की एका जुन्या क्रेडिट कार्डाचे तीन हजार नऊशे बारा डॉलर तिच्याकडे येणं आहे, बँकेने ते कर्ज त्यांच्या कंपनीला विकलं आहे, आणि आज सद्भावना म्हणून नुसते पंचवीस डॉलर भरले तरी दोघांनाही शांत झोप लागेल.

डेल्फियाने फोन ठेवला. नवरीला म्हणाली, "उद्या ये गं, आज एवढंच."

कर्ज खोटं नव्हतं, हीच तर अडचण. सात वर्षांपूर्वी चर्चच्या गायकमंडळाचे गाउन इतके विटले होते, की मागच्या रांगेतल्या माणसांचे कोपर बाहेर दिसायचे. डेल्फियाने चौदा गाउन फुकट शिवून द्यायचं कबूल केलं. कापड, अस्तर, चेन मिळून अकराशे अठ्ठेचाळीस डॉलर झाले, ते तिने आपल्या कार्डावर घेतले. केकविक्रीच्या पैशांतून कमिटी ते परत करणार होती. केक विकले गेले, पण त्याच आठवड्यात चर्च गरम ठेवणारी भट्टी बंद पडली आणि पैसे भट्टीत गेले. पुढे कमिटी विसरली. डेल्फियाने आठवण केली नाही. ती माघारी हात पसरणाऱ्यांतली नव्हती, आणि ह्या गोष्टीचा तिला जितका अभिमान होता तितकाच तो तिला महागात पडत आला होता. दर महिन्याला थोडेथोडे भरत राहिली. मग साथीचं वर्ष आलं. लग्नं नाहीत, शाळांचे नाच नाहीत, कुणाला झग्याची कड दुमडायची गरज नाही. जूनमध्ये तिने शेवटचा हप्ता भरला आणि त्यानंतर आलेली पाकिटं बटणांच्या डब्याखाली सरकवत गेली. वरून व्याज, दंड, दंडावर व्याज.

संध्याकाळी होबार्ट आला. होबार्ट वायडनर चौतीस वर्षं पोस्टमन होता, दोन्ही राज्यांत टपाल वाटलेला. त्यामुळे दोन्ही राज्यांचे कायदे आपल्याला पाठ आहेत अशी त्याची ठाम समजूत होती. ज्यांची पाकिटं आपण वाटली त्यांच्या आतलं आपल्याला आपोआप कळतं, असं काहीसं.

"शेवटचा हप्ता कधी भरलास?" त्याने विचारलं.

"साथीच्या वर्षी. जूनमध्ये."

होबार्टने बोटांवर वर्षं मोजली, पुन्हा मोजली, आणि टेबलावर थाप मारली. "चार वर्षं दोन महिने! डेल्फे, सुटलीस तू!"

"कशी?"

"अगं, जुन्या उधारीला वय असतं. ठरलेल्या वर्षांत कोर्टात गेले नाहीत, तर मग बसा म्हणावं बोंबलत. व्हर्जिनियात तीन वर्षं, टेनेसीत सहा. म्हणजे इथं तुझं कर्ज मेलंय." मग त्याने आवाज खाली आणला आणि खिडकीतून पलीकडच्या फुटपाथकडे बोट केलं. "पण तिथं ते अजून एक वर्ष दहा महिने जिवंत आहे."

"तिथं म्हणजे? मोझेसच्या चपलांच्या दुकानात?"

"टेनेसीत! तुझे पाय ज्या राज्यात, कायदा त्या राज्याचा. तू पलीकडे पाय टाकलास, कुणी पाहिलं, की धरलंच तुला."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"हॉटेलात सगळ्यांना माहीत आहे."

डेल्फियाला भावाच्या शहाणपणाचा अनुभव नवा नव्हता. त्याच्याच सल्ल्याने तिच्या नवऱ्याने एकदा घराचं छप्पर स्वतः शाकारलं होतं, आणि नंतर दोन हिवाळे ती बादल्या ठेवत फिरली होती. पण भीती माणसाला कुणाचंही ऐकायला लावते. दुसऱ्या दिवसापासून तिने टेनेसी बंद केलं.

पहिला आठवडा निभावला. दात दुखला, लवंग धरली. ब्रेड होबार्ट आणून द्यायचा. पण बुधवारी गायकमंडळाचा सराव, रविवारी प्रार्थना, आणि दोन्ही पलीकडे. तिने कळवलं, "प्रकृती बरी नाही." दुसऱ्या बुधवारीही कळवलं. तिसऱ्या बुधवारी इमोजीन क्रम्लीचा फोन आला.

इमोजीन म्हणजे मंडळातली दुसरी मोठी गायिका. स्वतःच्या मते पहिली. नाताळच्या कार्यक्रमात एकटीने म्हणायचं गाणं दर वर्षी डेल्फियाकडे असायचं आणि दर वर्षी इमोजीन ते पाठ करून बसायची, न जाणो.

"हे बघ, गाण्याचं काय करायचं?" इमोजीन म्हणाली. "तुझी प्रकृती अशी. देव करो आणि तू बरी होवो, पण देवाला वेळ लागला तर?"

"तू म्हण," डेल्फिया म्हणाली. ते दोन शब्द उच्चारताना तिला दाताहून जास्त दुखलं.

"म्हणते बाई, तुझा इतका आग्रह आहे तर. पण माझा गाउन लांब होतोय, पायात येतो. तेवढा आखूड करून दे. मी रस्त्यावर येते, तू खाली ये."

अशा रीतीने सप्टेंबरातल्या एका दुपारी दोन बायका स्टेट स्ट्रीटच्या मधोमध भेटल्या. इमोजीन पितळी पट्टीच्या पलीकडे गाउनची पिशवी घेऊन, डेल्फिया अलीकडे, बुटांची टोकं पट्टीपासून चार बोटं मागे ठेवून. हात मात्र लांब केलेला.

"अशी काय उभी आहेस?" इमोजीन म्हणाली. "ये की इकडे. सावलीत मोजमाप घे."

"इथूनच दे."

"रुसलीयेस का माझ्यावर? गाण्यावरून?"

"नाही गं."

"मग पाय दुखतायत?"

"पाय ठणठणीत आहेत. पाय कुठे आहेत हा प्रश्न आहे."

मागून एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. मग दुसऱ्याने. डेल्फिया रस्त्यात गुडघ्यावर बसली आणि इमोजीनने पलीकडून अंगाला लावून धरलेल्या गाउनच्या कडेला अलीकडून टाचण्या लावू लागली. ट्रकवाला खाली वाकून म्हणाला, "बायांनो, लग्न आहे की काय?" इमोजीनने त्याला त्याच्या आईचं नाव घेऊन घरी जायला सांगितलं, त्याच्या आईला ती ओळखत होती.

त्या संध्याकाळपर्यंत टेनेसीच्या बाजूला बातमी पक्की झाली होती, की डेल्फिया फ्लीनरवर टेनेसीत वॉरंट निघालंय. कशाबद्दल, ह्यावर मतभेद होते. हॉटेलातल्या वाढपिणीच्या मते गाडीखाली कुणाचं तरी कुत्रं आलं असावं. डेल्फियाकडे गाडी नाही हे कुणाला आठवलं नाही.

आणि मग ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी खरोखरच वॉरंट आलं. तेही व्हर्जिनियाच्या बाजूला.

पोलीस खात्याचा एक माणूस आला, दुकान बंद होतं म्हणून त्याने कागद काचेच्या दारावर चिकटवला आणि गेला. डेल्फिया मागच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा फुटपाथवर चार माणसं तो कागद वाचत होती. वर ठळक अक्षरांत 'वॉरंट'. त्यापुढचा 'कर्जाबद्दल' हा शब्द चिकटपट्टीखाली झाकला गेला होता. आमच्या व्हर्जिनियात उधारीच्या साध्या दाव्याच्या कागदालाही 'वॉरंट' म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याला कधी कुणी दावा लावला नसणार.

डेल्फियाने दुकानाचा पडदा ओढला आणि पिशवी भरायला घेतली. दातांचा ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या, दोन जोड मोजे. विणकाम घेतलं, सुया आत नेऊ देणार नाहीत म्हणून काढून ठेवलं, मग नुसती लोकर तरी असावी म्हणून पुन्हा घातलं. तेवढ्यात दार वाजलं. बाहेर इमोजीन होती, हातात लोण्याचा केक.

"मला आत घे," ती म्हणाली. "आणि हे सांग, तुरुंगात केक चालतो का? चालत नसेल तर आत्ताच खाऊ."

डेल्फिया तिथेच खुर्चीत बसली आणि रडली. मग दोघींनी केक खाल्ला. दारावरचा कागद काढून आणून इमोजीनने चष्मा लावून तो खालपर्यंत वाचला, आणि डेल्फियाच्या दंडावर एक चापट मारली. "मूर्ख बाई! हा पैशांचा दावा आहे. कोण धरून नेतंय तुला? केकला चार अंडी गेली माझी."

"पण इथं तर ते मेलं होतं ना? होबार्ट म्हणाला—"

"होबार्ट!" इमोजीन म्हणाली, आणि त्या एका शब्दात होबार्टविषयीचं अख्ख्या गावाचं मत आलं. "उद्या सकाळी माझ्या भाचीकडे चल. ती गरिबांचे खटले फुकट चालवते, ऑफिस तुमच्याच बाजूला आहे. तुझे ते मौल्यवान पाय व्हर्जिनियातच राहतील."

भाचीचं नाव कोरीन स्टॉलर्ड. वकील होऊन तिला तीनच वर्षं झाली होती. टेबलावर फायलींचा ढीग आणि ढिगावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. इमोजीनला तिने गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं. सोबत आलेला होबार्ट मात्र आत आला. त्याला बाहेर बसवण्याइतकं गोड अजून कुणाला बोलता आलेलं नाही.

कोरीनने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मिसेस फ्लीनर, तुम्ही कार्ड घेतलं तेव्हा राहत कुठे होता?"

"दुकानाच्या वर. लग्न झाल्यापासून तिथंच."

"आणि पैसे थकले तेव्हा?"

"तिथंच."

"मग टेनेसीचा काय संबंध?"

डेल्फियाने भावाकडे पाहिलं. भावाने सफरचंदाकडे पाहिलं.

"पाय," तो शेवटी म्हणाला. "माणसाचे पाय ज्या राज्यात..."

"पायांवर नसतं हो ते, मिस्टर वायडनर. राहत्या घरावर दावा कुठे लावायचा ते ठरतं. रस्ता ओलांडल्याने कर्जाचं वय बदलत नाही."

"म्हणजे," डेल्फिया सावकाश म्हणाली, "आठ आठवडे मी लवंग चघळत बसले. आपल्या चर्चमधल्या लेस्टरच्या प्रेतयात्रेला रस्त्याच्या मध्यावर उभी राहिले. नाताळचं गाणं सोडलं. आणि..."

"कायदा शिकायला वेळ लागतो, डेल्फे," होबार्ट म्हणाला.

"तू बोलू नकोस."

कोरीनने मध्येच कागद उचलला. व्हर्जिनियातली तीन वर्षं म्हणजे तोंडी व्यवहाराची, तिने सांगितलं. सही केलेल्या लेखी कराराला पाच. समोरचे म्हणणार, पाच. मग कर्ज अजून जिवंत. होबार्टचा चेहरा पडला. "पण," ती म्हणाली आणि बँकेच्या कराराची प्रत उघडली. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं, बावीस पानं. सतराव्या पानावर तिचं बोट थांबलं. "हे वाचलं होतं तुम्ही?"

"सतरावं पान? बाई, मी पहिलंही वाचलं नव्हतं."

"इथं लिहिलंय, हा करार डेलावेअर राज्याच्या कायद्याने चालेल."

"डेलावेअर?" डेल्फियाला ते नकाशात दाखवता आलं नसतं. "मी तिथं कधी पाऊल टाकलं नाही."

"तुम्ही नाही, बँकेने टाकलंय. आणि डेलावेअरमध्ये अशा कर्जाचं वय तीन वर्षं. आता आपल्या व्हर्जिनियाचा एक नियम आहे: परराज्याच्या कायद्याखाली चालणारा करार तिथं मुदतीबाहेर गेला असेल, किंवा इथं गेला असेल, दोन्हीपैकी कुठेही, तर इथल्या कोर्टात तो दावा चालत नाही."

"म्हणजे तिकडे मेलं की इकडेही मेलं?"

"तसंच. फक्त तुम्ही स्वतः कोर्टात येऊन हे सांगायला हवं. कोर्ट आपणहून कर्जाचं वय विचारत नाही. घरी बसलात तर मेलेलं उठून बसेल." मग कोरीनने समोरच्यांनी जोडलेला हिशेब वाचायला घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "पण हे काय? नऊ सप्टेंबरला पंचवीस डॉलर जमा. तुम्ही भरलेत?"

"मी? एक पैसा नाही."

"फोनवरून, कार्डाने भरलेत. ते म्हणतात, ह्या हप्त्याने घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं."

डेल्फियाने हळूच मान वळवली. होबार्ट छताकडे पाहत होता. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"होबार्ट."

"छान काम आहे छताचं."

"होबार्ट वायडनर!"

"अगं, तू मागे इस्त्री करत होतीस, फोन वाजला," तो भरभर बोलू लागला. "तो ट्रेंट होता. मी म्हटलं, तिचे व्यवहार मी पाहतो. तो म्हणाला, पंचवीस भरले तर नाताळापर्यंत फोन करणार नाही. पंचवीस म्हणजे काय गं! चांगला माणूस वाटला. त्याचे आजोबासुद्धा पोस्टात होते."

कोरीनने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. खांदे हलत होते; ती हसतेय की रडतेय हे डेल्फियाला कळेना. शेवटी ती म्हणाली, "मिस्टर वायडनर, तुम्हाला साक्ष द्यावी लागेल."

होबार्टची छाती इंचभर वर आली. चौतीस वर्षांत त्याला कुणी इतकं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं.

पहिल्या तारखेला 'मान्य नाही' एवढंच सांगायचं होतं, ते झालं. खरी सुनावणी नोव्हेंबरात लागली. होबार्ट लग्नातला सूट घालून आला. तो सूट डेल्फियाने बाजूंनी दोनदा सैल केला होता, तरी बटण श्वासाच्या भरवशावर होतं. इमोजीनही आली, आणि तिच्याबरोबर गायकमंडळातल्या पाचजणी. डेल्फियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली उधारी ऐकायला अर्धी रांग येऊन बसली होती.

त्यांच्या आधी त्याच वसुली कंपनीचे अठरा दावे होते. कंपनीचा वकील, सडपातळ, घाईत असलेला, एकेक फाईल उचलायचा. जजसाहेब नाव पुकारायचे. कुणी उठायचं नाही. "हजर नाही. दावा मंजूर." पुढचं नाव. "हजर नाही. दावा मंजूर." वीस मिनिटांत अठरा माणसं न येता हरली. डेल्फियाला वाटलं, ह्यांच्यातल्या किती जणांचं कर्ज मेलेलं असेल, आणि किती जण पाकिटं बटणांच्या डब्याखाली ठेवून घरी बसले असतील?

"डेल्फिया फ्लीनर."

ती उठली. घाईतल्या वकिलाने पहिल्यांदाच मान वर केली.

कोरीन सतरावं पान घेऊन बोलली. वकील म्हणाला, पाच वर्षं धरा; आणि डेलावेअरची तीन धरली तरी सप्टेंबरातल्या हप्त्याने ती पुन्हा सुरू झाली. मग साक्षीदाराला बोलावलं. होबार्टने शपथ इतक्या मोठ्याने घेतली की मागे झोपलेला शिपाई जागा झाला.

"पैसे तुम्ही भरलेत?" कोरीनने विचारलं.

"होय. माझे स्वतःचे. पेन्शनचे."

"बहिणीने भरायला सांगितलं होतं?"

"तिने?" होबार्ट म्हणाला. "बाई, तिने जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. हाच तर तिचा रोग आहे."

"मग का भरलेत?"

होबार्टने थोडा वेळ हातातली टोपी फिरवली. "फोन वाजला की ती दचकायची. सुई बोटात जायची. नऊ सप्टेंबरला सकाळीच दोनदा गेली, मी पाहिलं. वाटलं, पंचवीस डॉलरमध्ये सुई बोटात जायची थांबत असेल तर स्वस्त आहे."

डेल्फियाने खाली पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

घाईतला वकील उठला. "भरताना तुम्ही कुठे होता, मिस्टर वायडनर?"

"आता हा चांगला प्रश्न आहे," होबार्ट खुलला. "फोन दुकानात घेतला, पण कार्ड गाडीत होतं. म्हणून फोन कानाला लावून मी रस्त्यात आलो. आकडे वाचले तेव्हा उजवा पाय टेनेसीत आणि डावा—"

"मिस्टर वायडनर," जज म्हणाले, "पायांचा विषय पुरे."

वकिलाने मग कार्डाची जुनी यादी काढली. एकदाच, एकाच दुकानात मोठा खर्च. "अकराशे अठ्ठेचाळीस डॉलरचं कापड. हे तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, मिसेस फ्लीनर? त्यावर नफा कमावलात?"

"नाही."

"मग कशासाठी?"

डेल्फियाने मागच्या बाकांकडे पाहिलं. जजने चष्म्यावरून पाहिलं. "उत्तर द्या."

"गाउनचं कापड होतं," ती म्हणाली. "चर्चच्या गायकमंडळासाठी. चौदा गाउन."

मागच्या बाकावरून आवाज आला, "कुठले गाउन? आमचे?" इमोजीन उभी राहिली होती. "आमच्या अंगावरचे?"

"बाई, खाली बसा."

"साहेब, बसते, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही!"

"मलाही आत्ताच कळतंय. बसा."

जज मिनिटभर कागद चाळत राहिले. मग त्यांनी सरळ शब्दांत सांगितलं. करारावर डेलावेअरचा कायदा ह्यांनीच लिहून घेतलाय. सोयीचा असेल तेव्हा तो ओढायचा आणि नसेल तेव्हा सोडायचा, हे चालणार नाही. तिथली तीन वर्षं केव्हाच उलटली, आणि तिथं उलटली की इथं दावा चालत नाही. राहिले पंचवीस डॉलर. ते हिचे नाहीत, हिने भरायला सांगितले नाहीत, आणि हिच्या सहीचा एक शब्दही कुठे नाही. "दावा फेटाळला."

घाईतल्या वकिलाने फाईल मिटली आणि पुढची उचलली. त्याच्या तोंडावर रागसुद्धा नव्हता.

"साहेब," होबार्ट अजून साक्षीदाराच्या खुर्चीतच होता, "माझ्या पंचवीस डॉलरचं काय?"

"तो वेगळा दावा आहे, मिस्टर वायडनर. आणि तो कुठल्या राज्यात लावायचा, हे तुम्हीच शोधून काढा."

बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांनी डेल्फियाला घेरलं. तिला हसू फुटायला हवं होतं. पण तिचा चेहरा पडलेलाच. "मी घेतलं तर होतं ना," ती कोरीनला म्हणाली. "कापड घेतलं, पैसे दिले नाहीत. मी चोर झाले का गं?"

"कोर्टाने तुम्ही घेतलं नाही असं म्हटलेलं नाही," कोरीन म्हणाली. "ते उशिरा आले, एवढंच म्हटलंय. आणि कापडाच्या पैशांपैकी बरेचसे तुम्ही तेव्हाच भरले होते. मी हिशेब केलाय. हे जे जवळजवळ चार हजार मागतायत, त्यातलं तीनशेसुद्धा कापडाचं नाही."

"माझ्या दुकानात पाटी आहे," डेल्फिया विचार करत म्हणाली. "नव्वद दिवसांत न नेलेले कपडे देऊन टाकले जातील."

"मग? तसंच आहे हे."

"पण मी अजून एकही दिलेला नाही. एक कोट अकरा वर्षं टांगलाय."

कोरीनने तिचा हात दाबला, फाईल बगलेत मारली आणि पुढच्या खटल्याला गेली.

इमोजीनने डेल्फियाचा दंड धरला आणि तिला स्टेट स्ट्रीटपर्यंत चालवत नेलं. पट्टीशी डेल्फियाचे पाय सवयीने थबकले. इमोजीनने ओढलं. दोघी पलीकडे गेल्या आणि हॉटेलात शिरल्या. राजम्याच्या वाट्या आल्या, ब्रेड आला.

"सात वर्षं तू गप्प बसलीस," इमोजीन म्हणाली.

"कमिटीला भट्टी दुरुस्त करायची होती."

"कमिटीची खजिनदार कोण होती माहीत आहे? मी! विचारलं का नाहीस?"

"तू होतीस म्हणूनच नाही विचारलं."

इमोजीनने चमचा खाली ठेवला. मग ती म्हणाली, "तुझ्या जागी मी असते, तर मीही विचारलं नसतं. आपण दोघी सारख्याच खडूस आहोत. ब्रेड खा, गार होतोय."

कमिटीची बैठक गुरुवारी झाली आणि वीस मिनिटं चालली. त्यातली पंधरा इमोजीन बोलली. अकराशे अठ्ठेचाळीस डॉलर तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं. डेल्फिया नाही म्हणायला उठली, तेवढ्यात मागून होबार्ट म्हणाला, "डेल्फे, एकदा तरी घे गं, मेले!" आणि ती बसली. पहिल्या हप्त्यात तिने शिवणयंत्राची मोटर बदलली. जुनी आता शिवण्यापेक्षा खोकायचीच जास्त.

नाताळचं गाणं इमोजीननेच म्हटलं, कारण एकदा दिलेली गोष्ट डेल्फिया परत मागत नाही आणि एकदा मिळालेली इमोजीन परत देत नाही. मात्र तिसऱ्या कडव्यात वरचा सूर चढेना, तेव्हा इमोजीनने मागे न पाहताच डाव्या हाताची दोन बोटं हलवली. दुसऱ्या रांगेतून डेल्फियाने तो सूर उचलला, कडवं संपेपर्यंत पेलला, आणि मग हळूच खाली ठेवला. प्रार्थना संपल्यावर होबार्ट दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला डेलावेअरचा कायदा समजावून सांगत होता. त्यातली निम्मी वर्षं चुकीची होती.